रजेवर, शिरोड्यात

मिठागराच्या बांधावर लॅपटॉप उघडलाय.
लॉट सत्तेचाळीस:
दोनशे अंशांवर तापवला की
वक्र डावीकडे सरकतोय.
रात्रपाळीचा पोरगा फोनवर विचारतो,
मॅडम, सोडियम असेल?

असेल. दुसरं काय असणार.
अठरा वर्षं त्यालाच हुसकावतेय मी
गेटखालच्या त्या काचेतून.
अब्जात एखादा कण शिरला
तरी ट्रान्झिस्टरचा उंबरठा हलतो,
बंद केलेलं दार
किलकिलं राहतं.
नव्या मुलांना मी हातमोजे दोनदा बदलायला लावते.
घाम नको, थुंकी नको,
रडायचं तर बाहेर जाऊन.

समोर तातू आरोसकर
वाफ्यातून मीठ ओढतोय,
पोटऱ्यांवर पांढरा पापुद्रा.
"तुमच्या थंय मीठ कित्याक लागता गो?"
"लागणा नाय, तातू.
ता घालवूचा, ह्याच माजा काम."
तो फळी टेकवून उभा राहिला.
"मगे जेवतंस काय, अळणी?"

फोनवर पोरगा ताटकळलाय.
लॉट थांबव, मी सांगते,
तीन नंबरची नळी उतरव, आम्लात धू,
कोणी हाताळली ते लिहून ठेव, ओरडू नकोस कुणावर.
बोलता बोलता ओठ चाटले.
खारट.

निघताना तातूने कागदात
ओंजळभर बांधून दिलं, अजून ओलसर.
बॅगेत क्लीनरूमचे बूट आहेत,
वर धुतलेले कपडे.
सावंतवाडी स्टेशनापर्यंत
पुडी मांडीवरच होती.