साधारण झीज

करारात लिहिलं होतं, घर सोडताना
ते झाडूनं झाडल्याइतकं स्वच्छ असावं.
म्हणून कालपासून झाडतेय.
रोस्टॉकचा वारा बंदराकडून येतो,
तिसऱ्या मजल्यापर्यंत वाळू आणतो,
दार उघडलं की झाडलेलं परत न झाडलेलं.

भिंतीत एकवीस भोकं. मोजली.
बाबा म्हणायचे, टूथपेस्ट भर,
पांढरी आण, पट्ट्यापट्ट्यांची नको.
गोदीत चाळीस वर्षं जहाजं रंगवली त्यांनी.
जहाजांची भोकं तरी
वेगळ्या कशानं बुजवली असावीत.

ल्युड्टके साहेब नऊला आले. नऊ म्हणजे नऊ.
बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या,
जणू माझं घर ऑपरेशनला घेतलंय.
नळ सोडला, बंद केला.
साती खिडक्या उघडून लावून पाहिल्या.
मग अंगठा भिंतीवरून फिरता फिरता थांबला
आणि नाकाशी गेला.
"पुदिना," म्हणाले.
मी गप्प.
"माझी आईसुद्धा हेच करायची."
आणि काहीच लिहिलं नाही.

नळाच्या तोंडाशी चुन्याचे थर : पस्तीस युरो.
भांडले. इथलं पाणीच तसं,
चुना मी लावलेला नाही, उलट मलाच लागलाय.
पस्तीसचे वीस झाले, विसाचं शून्य.
स्वयंपाकघरातल्या लादीचा तडा आधीपासूनचा,
फोटो दाखवला, तारखेसकट.
चौकटीचा उडालेला रंग?
"साधारण झीज, फ्राउ टीडेमान."
हा शब्द मला आवडला.
राहण्यानं जे झिजतं
त्याचे पैसे कापायचे नाहीत, असा नियमच आहे म्हणे.

मागच्या खोलीत मात्र ते गुडघ्यांवर बसले.
लाकडी जमिनीवर दोन चरे, समांतर,
खिडकीपासून पार आतल्या भिंतीपर्यंत.
"आणि हे?"

दवाखान्यातला पलंग होता, चाकांचा, तोही भाड्याचा,
नोव्हेंबर ते मार्च.
सकाळी बाबांना खिडकीशी न्यायचं, क्रेन दिसायला हव्यात,
रात्री आतल्या भिंतीशी, काचेतून थंडी येते.
एक चाक अडकायचं.
ते म्हणायचे, जहाज धक्क्याला लावतेस की काय, सावकाश.
शेवटी शेवटी म्हणायचे नाहीत,
मी तरी ढकलत राहिले, क्रेनपर्यंत आणि परत.

हे सांगितलं असतं
तर ल्युड्टके साहेबांनी कदाचित
यालाही पुदिन्याचा वास येऊ दिला असता.
मी म्हटलं, "जड सामान होतं."
"ही साधारण झीज धरता येणार नाही मला."
"नका धरू."
दोनशे दहा युरो.
मघाशी पस्तीससाठी भांडणारी बाई
न वाचता सही करते,
त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. एकदाच.

अनामत बाबांनीच भरली होती.
मी तेव्हा बेकरीत अर्धवेळ, पहाटेच्या पाळीला.
पैसे गेले नाहीत गं, म्हणाले, नुसते बसलेत.
पासबुक त्यांच्या नावाचं :
हिनर्क टीडेमान, टपोऱ्या अक्षरात सही.

बँकेतल्या मुलीनं पडद्यावर पाहिलं, हसली.
"कापून उरलेले सगळे मिळतील, व्याजासकट.
खातेदारांना घेऊन या फक्त."
बारा वर्षांचं व्याज नऊ युरो एक्केचाळीस सेंट.
मी खुर्ची ओढून बसले.
बसलेल्या पैशांना उठवायला कागद लागतात,
ते गेल्याचा, मी त्यांची असल्याचा,
आणि आणखी कोणीच त्यांचं नसल्याचा.
मुलीनं यादी छापून दिली, दोन प्रती,
हसणं तेवढं थांबवलं.

नव्या घरी अजून दिवा बसवायचाय.
खोक्यांच्या गर्दीत दात घासायचं काही सापडेना,
मग हातपिशवीच्या तळाशी ती मिळाली,
बोटांनी दाबून दाबून चपटी झालेली,
झाकणाशी भिंतीचा चुरा.
धुतली, आणि तीच वापरली.