डाव्या पायाचं वजन

पाठ माझी दुखते एकोणतीस वर्षं.
मांडवीच्या गल्लीत वजनकाट्यांचं दुकान, दुरुस्तीचं;
वीस किलोची लोखंडी वजनं उचलून उचलून
कंबरेत एक कुरकुर कायमची वस्तीला आली.
ती कुठल्या हवेला वळवळेल, किती वाजता गप्प बसेल
हे मी डोळे मिटून सांगावं, इतकी ओळख.

म्हणून त्या मंगळवारी कोणी घाबरलं नाही.
मीही नाही.
दुखणं या खेपेला दोन्ही मांड्यांतून पोटऱ्यांत उतरलं होतं.
समोरच्या जशुबेन म्हणाल्या, शेक करो, मटी जशे.
मेहुणा म्हणाला, निर्गुडी.
मी म्हणालो, जुनंच आहे.
जुनंच आहे, एवढ्यावर
माणूस किती दिवस काढू शकतो!

कुंदाने पाहिलं ते वेगळंच.
मी दुकानातून आलो, जिना चढलो,
हात धुऊन खुर्चीत टेकलो,
आणि ती दारातून विचारते,
"अहो, तुमची डावी चप्पल कुठाय?"

चप्पल तिसऱ्या पायरीवर होती.
कधी निसटली, मला पत्ता नव्हता.
खाली बघितलं, तर पाय माझाच,
अंगठ्याला गल्लीतली धूळ,
पण कोणीतरी तिथे आणून ठेवल्यासारखा.

आयुष्यभर मी काट्यांची चोरी पकडली.
पारड्याखाली चिकटवलेलं मेण, घासलेलं वजन,
अर्ध्या ग्रॅमचा खोटेपणा बोटांना कळायचा,
आणि माझाच एक पाय
शून्य दाखवत होता.
दुखणं मात्र जरा कमी झालेलं.
त्याचंच मला बरं वाटत होतं.

उद्या बघू, मी म्हणालो.
कुंदा वाद घालत बसली नाही.
पैसे घेतले, चष्मा घेतला, खालच्या पोराची रिक्षा थांबवली.
सयाजी हॉस्पिटल, रात्रीचे सव्वानऊ,
केसपेपरवर: फणसे मल्हारराव, वय ६१.

डॉक्टर फरहीन व्होरा, माझ्या मुलीहून लहान.
दुखणं दहापैकी किती, ते तिने आधी विचारलंच नाही.
मी उत्तर तयार ठेवलं होतं: साडेसहा.
ती म्हणाली,
"काका, शेवटची लघवी कधी केलीत?"

मी कुंदाकडे बघितलं. कुंदाने पंख्याकडे.
सकाळी सात.
नंतर वाटलंच नव्हतं.
"आणि सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो,
तिथे स्पर्श कळतो?"

असले प्रश्न आमच्या घरात कोणी विचारत नाही.
नाही, मी म्हणालो,
मेण सापडलेल्या दुकानदाराच्या आवाजात.

मग सगळी घाईच झाली.
मशीनमध्ये सरकवलं, सह्या घेतल्या,
उजाडायच्या आत पाठ उघडली.
मणक्यातली गादी निसटून
नसांच्या जुडग्यावर बसली होती.
"उद्या आला असता तर," एवढं म्हणून
ती हातमोजे काढत राहिली.

आता काठी आहे.
डाव्या पायाची दोन बोटं अजून परतलेली नाहीत.
लघवी होते, हे मी गिऱ्हाइकांसमोर बोलतो,
कुंदा पदर तोंडाला लावते.
बोललं पाहिजे. न बोलण्यातच
माझे चौदा तास गेले.

दुकानात कंबर धरून कोणी आला की
काटा बाजूला ठेवून विचारतो:
वाकलं की दुखतं, निजलं की थांबतं?
मग हिंडा-फिरा, आठ-पंधरा दिवस धीर धरा.
पण निजूनही थांबेना, ताप आहे,
पडला होतात,
काही न करता पट्टा दोन भोकं आत गेलाय,
तर शेकबिक पुरे, डॉक्टरला दाखवा.
आणि चप्पल कुठे राहिली
हे दुसऱ्याने सांगावं लागलं असेल,
तर इथे माझ्याशी बोलत उभे राहू नका.

कुंदाने नवी चप्पल आणलीय, मागे पट्ट्याची.
रोज सकाळी बक्कल लावताना
ती ती दोन बोटं चिमटीत धरते.
"कळतं?"
कळतं, मी म्हणतो.
असेल त्यात
अर्धा ग्रॅम मेण.