अहवालात न बसलेली दुपार

मार्च संपत आला की फॉर्म येतो.
घरभेटी किती. प्रार्थनासभा किती.
नवीन कुटुंबे किती. अडचणी (थोडक्यात).
मी, साळोमी ओहोळ, वय अठ्ठावन्न,
अडचणींच्या रकान्यात दरवर्षी ‘ऊन’ लिहिते
आणि पेनाला टोपण लावते.

बाकीचं लिहायचं कुणाला?
मानधन नोव्हेंबरपासून आलेलं नाही.
अक्कलकोट रोडला तीन पोरांनी अडवून पिशवी उलटी केली,
निघालं काय, तर रक्तदाबाचं यंत्र, पेपरमिंटच्या गोळ्या,
पानं सुटलेलं मार्कचं शुभवर्तमान.
एकानं गोळ्या घेतल्या.
दुसऱ्यानं यंत्राची नळी नीट गुंडाळून परत दिली,
का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.
यल्लप्पाला चार महिने समोर बसून टीबीच्या गोळ्या गिळायला लावल्या,
पाचव्यात तो सुरतेला निघून गेला.
मंडळीत म्हणतात, साळोमीबाई, फळ दिसत नाही.
नाही दिसत.
मला तरी कुठं दिसतंय.

त्या दिवशी (तारीख मी मांडून ठेवलेली नाही)
पारा चव्वेचाळीसच्या पुढं,
नळाला पाणी पाचव्या दिवशी येणार, तो चौथा.
विडी घरकुलात नरसम्माच्या उंबऱ्याशी
तोंडातून प्रार्थनेऐवजी
नुसता श्वास बाहेर आला.

तिनं मान वर केली नाही.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमटीत पान,
हजार भरायला अजून तीनशे चाळीस.
म्हणाली, “पडुको अक्का.”
मी म्हटलं, आडवी कसली होतेस, चार घरं राहिलीत.
“घरं कुठं पळून जातात?”

सासऱ्याच्या मागावरची चादर काढली तिनं,
मोराच्या मानेत एक धागा चुकला म्हणून कधीच न विकलेली.
पानं भिजवायच्या पाण्यात बुडवून, न पिळता
दारात टांगली.
माझ्या डोक्याखाली तेंदूपानांचं गाठोडं सरकवलं
आणि पुन्हा कात्री हातात घेतली.

वादळ सुटलं होतं, तारवात पाणी भरत होतं,
आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता.
चाळीस वर्षं हा उतारा मी शिकवला
वारा कसा थांबला, एवढ्यासाठी.
उशी कुणी दिली, हे कधी विचारलंच नाही.
कुणाची तरी असेलच ना.
एखाद्या कोळ्याची.
माशांचा वास असलेली.

मग मला काही आठवत नाही.
शेजारच्या यंत्रमागाची खटखट,
ओल्या चादरीतून येणारी झुळूक, कडवट, तपकिरी,
आणि कुणीही मला काहीही न विचारणं.

जाग आली ती हसण्यानं.
तिची भाग्यश्री आणि शेजारची दोन पोरं
माझं यंत्र घेऊन अंगणात.
शेळीच्या पुढच्या पायाला पट्टा गुंडाळलेला,
एकजण रबरी फुगा दाबतोय,
भाग्यश्री काटा वाचतेय, अगदी माझ्या आवाजात:
“मीठ कमी करा मावशी. चिडू नका.”
शेळी नाइलाजानं उभी.
नरसम्माला हसता हसता खोकला आला,
खोकता खोकता सूप कलंडलं,
आणि मी, जी पगाराच्या काळजीनं रडलेही नव्हते,
पदर तोंडात कोंबून हसले,
पोट दुखेपर्यंत,
देवा, किती दिवसांनी.

तिच्या साठ विड्या त्या दिवशी कमी भरल्या,
कारखान्यात मुकादमानं वर पंचवीस छाट काढल्या.
हे तिनं सांगितलं नाही. भाग्यश्रीनं सांगितलं.
जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी
पिशवीत होती. कधी ठेवली कळलं नाही.

घरी आरशात पाहिलं
तर गालावर गाठोड्याच्या सुतळीचा वळ.
रात्री उशिरापर्यंत राहिला तो.

आता फॉर्म समोर आहे.
घरभेटी: त्या दिवशीची एक धरावी का?
प्रार्थना झाली नाही. वचन वाचलं नाही.
भेट तिनं मला दिली म्हणायची की मी तिला?
समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘झोपले.’
पुण्याच्या कचेरीत कुणी वाचेल, हसेल,
हसू दे.

राहिलेली चार घरं दुसऱ्या दिवशी केली.
तिघांनी दार उघडलं नाही.