सत्तावीस आटे

करहियाचे मातादीन बघेल
पोत्यात गुंडाळून बंदूक घेऊन आले,
टोपीदार, एकनळी, परवाना प्लास्टिकच्या पिशवीत.
म्हणाले, "बाईजी, जो भी लग जाए, लगा दो."

जे बसेल ते.
असं म्हणणाऱ्यांना मी आधी चहा देते.

नया बाजारातल्या या बोळात
आमचं दुकान दोन दारांचं, एक कायम बंद.
आबा गेल्यावर लोकांना वाटलं, मी इथे शिलाई मशीन टाकीन.
टाकलंही असतं.
पण गजकेच्या एकोणीस डब्यांत हे निपल,
करंगळीच्या पेराएवढे, तेल लावून ठेवलेले,
विकायचे कुणाला, फेकायचे कुठे?
लष्करातले जुने लोक याला बोंडी म्हणत.
आई डबा झाकून म्हणे, पाहुण्यांपुढे हा शब्द नको.

जुना निपल रात्रभर रॉकेलमध्ये मुरला,
सकाळी पान्याला कुरकुरत वश झाला.
वरचा सुळका घोड्याच्या मारानं
अळंबीसारखा पसरलेला.
खालचं छिद्र, जिथे सुई अडायला हवी,
तिथून मोहरीचा दाणा सहज गेला.
म्हणजे दर बाराला आग मागे वळत होती,
घोडा उचलून तोंडावर येत होती.
मातादीनच्या उजव्या भुवईत केस का नाहीत
ते मला कळलं.
त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग मोजमाप.
व्हर्निअर म्हणाला, पाव इंचाला केसभर कमी.
सहा मिलिमीटरचा घालून पाहिला:
आत जाऊन डुगडुगला, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.
पाव इंचाचा दीड फेरा गेला आणि थांबला.
इथे पाना हातात घ्यायचा नाही.
बहुतेक बंदुका इथेच मरतात,
आणखी थोडा जोर लावून.

गेजचं पान जुन्या आट्यांवर ठेवून खिडकीशी धरलं.
सव्वीस: उजेड.
अठ्ठावीस: दुसऱ्या टोकाला उजेड.
जुळलं तर मधे उजेड राहत नाही,
हे आबांनी शिकवलेलं एकच धड वाक्य.
बाकी सगळं "हं" आणि "अंहं".

सत्तावीस कोण कापतं?
माझ्या गेजात ते पानच नाही.

चौदाव्या डब्याच्या झाकणाआड, पेन्सिलीनं:
"२७. घरचा."
तेव्हा आठवलं. माझ्या दहावीच्या वर्षी
बोथट कानशीतून त्यांनी टॅप घडवला होता,
आणि तो एका आट्यानं चुकला होता.
चुकला हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार.
त्या दिवशी ते जेवायला उशिरा आले.
पण लोखंड महाग, भितरवारकडच्या बंदुकांची भोकं झिजलेली.
त्याच टॅपनं ती नव्यानं कापली
आणि त्याच चुकीचे निपल
बसून बसून करत राहिले.

"हां," मातादीन म्हणाले, "एक मराठा मिस्त्री थे यहाँ.
पान बहुत खाते थे."
"सुपारी," मी म्हटलं.

बोटांनीच तीन फेरे. चौथा. पाचवा.
खांदा बैठकीला टेकला, मधे कागद शिरेना.
टोपी बसवली: उलटी धरली, पडली नाही,
नखानं ओढली, आली.
मग दारू न घालता, नळीचं तोंड
पायरीच्या फटीत उगवलेल्या गवताकडे करून
घोडा सोडला.

पातं हललं.

दोनशे साठ झाले. मातादीननी दोनशे चाळीस दिले,
वर करहियाचे हरभरे, ओंजळभर, त्याच पिशवीतून.
डब्यात आता चार उरले.
टॅप मी तीन दिवस शोधते आहे,
माळा झाला, पेटी झाली, भात्याखालची राखही चाळून झाली.
बंद दारामागे अजून बघितलेलं नाही.