मागं उरंल त्येचं

खानापूरच्या सब-रजिस्ट्रार कचेरीसमोर
झेरॉक्सच्या टपरीला लागून माझं टेबल.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांची घरं लिहितो,
मराठीत ऐकतो, कानडीत टाईप करतो.

बुधवारी तुळसाक्का देसूरकर आली.
मुलगा रामलिंग, सून सुगंधा,
आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला उतारा.
नंदगडातलं घर, तीन अंकणं, कौलारू,
मागे परसू, परसात एक फणस.
"बक्षीसपत्र कर," म्हणाली. "दोगांच्या नावावर.
आणि खाली घाल, एक गेलं की दुसऱ्याचं.
सगळंच्या सगळं. मागं उरंल त्येचं."

असं वाक्य मी फार तर दोनदा लिहिलं असेल.
बोटांना सवय निम्म्या-निम्म्याची,
नाहीतर एकट्या मुलाच्या नावाची.

रामलिंग आधी हसला. मग हसू गेलं.
"आई, मी बसलोय की हितं.
माझ्या मरणाची वळ कशाला घालतीस कागदात?"

"मरण कुठं लिवलंय मी?
ऱ्हाणं लिवलंय."

मग ती माझ्याकडे वळून सांगायला लागली,
जसं काही मीच हट्ट धरला होता:
नवरा गेला तेव्हा कागद सासऱ्याच्या नावानं.
वंशावळ काढायला दोन वर्षं,
सह्या गोळा करायला सात.
एक दीर वास्कोला, दुसरा बोलत नव्हता,
तिसऱ्याची बायको म्हणायची, उद्या या.
कानडीत नोटीस आली की घेऊन जायची
सातवीतल्या पोराकडं.
त्यानं वाचलं तेवढंच तिला कळायचं,
आणि त्यालाही निम्मं कळायचं नाही.
नऊ पावसाळे कौलं स्वतः चाळली,
ज्या घरात तिचं नाव नव्हतं त्या घराची.

सुगंधा काहीच बोलत नव्हती.
पदराचा काठ मोजत होती.

मी चक्कुबंदी घातली.
पूर्वेला रस्ता, पश्चिमेला गटार,
उत्तरेला तळवारांची भिंत, दक्षिणेला मोकळं.
मग ती ओळ. कानडीत त्याला म्हणतात
बदुकुळिदवरु.
जगून उरलेला माणूस. एकाच शब्दात
जगणंही आहे आणि उरणंही.
तुळसाक्काला वाचून दाखवला.
"परत म्हण," म्हणाली.

"अक्का, तुझ्यासाठी एक ओळ घालू?
हयातभर राहण्याचा हक्क म्हणून?"
"पान वाढतंय काय?"
"वाढतंय."
"मग नको."
मी घातली. मार्जिन थोडी कमी केली.

आत फोटो झाले. रामलिंगचा रागावलेला आला,
तोच कागदावर राहणार कायमचा.
मशीननं सुगंधाचा अंगठा घेतला नाही.
पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही.
अकरा वर्षं काजूच्या फॅक्टरीत,
बियांच्या चिकानं रेषा खाऊन टाकलेल्या.
क्लार्क म्हणाला, दुसरं बोट.
दुसरंही तसंच, गुळगुळीत.
मागे रांगेतला एकजण च्यक् करून गेला.
ती हात मागे घेऊ लागली,
जणू घरच नको म्हणत होती.

तेव्हा सकाळपासून फुगून बसलेला रामलिंग उठला.
तिचा अंगठा आपल्या शर्टावर पुसला,
त्यावर हाः करून फुंकर घातली,
आरसा पुसायच्या आधी घालतात तशी,
आणि आपला अंगठा तिच्या नखावर ठेवून दाबला.
"दम धर," तिला म्हणाला. का मशीनला, कळलं नाही.

हिरवा दिवा लागला.

नंतर तो चहा आणायला गेला. चार कप आणले,
साखर जास्त झालेले.
सुगंधानं आपल्यातला निम्मा त्याच्या कपात ओतला.
मी माझी फी सांगितली, दोनशे कमी करून.

नंदगडची बस लागली तेव्हा
तुळसाक्का पायरीवर थांबली,
पिशवी छातीशी धरून मला ओरडून विचारलं,
"त्यो शब्द काय रं? बदुकु..."
कंडक्टरनं शिट्टी मारली.
पुढचं तिचं तिनंच काहीतरी जुळवलं असणार.