आर.टी. म्हणजे किती

मे महिना, दुपारचे तीन.
वर्धा रोडचं डांबर चपलेला चिकटतंय
आणि श्रावस्ती मेश्राम माझ्या टेबलावर फ्लास्क आणून ठेवते.
आत संत्र्याच्या सालीच्या तेलाचं
काळं, चिवट काहीतरी झालेलं.
"मॅडम, मॉडेल सत्त्याऐंशी टक्के म्हणत होतं."
निघाले एकतीस.

मॉडेलला विचारलं, तापमान किती धरलंस?
पंचवीस, ते म्हणालं,
कुठल्यातरी थंड गावचा पाहुणा बोलावा तसं.

चूक त्याची नव्हती.
आम्हीच त्याला वाचायला दिल्या होत्या
बारा वर्षांच्या वह्या, स्कॅन करून,
आणि पानोपानी आमच्याच अक्षरात:
आर.टी.ला चार तास ढवळले.
आर.टी., खोलीचं तापमान.
कुठली खोली, कुठला महिना,
कूलर चालू होता की लाइट गेली होती,
एवढं लिहायला कुणाचा हात झिजला असता?
इथे जानेवारीत खोबरेल बाटलीत थिजतं
आणि मेमध्ये नळाचं पाणी चहाला अर्धं तयार असतं.
दोन्ही आर.टी.

शिवाय जे फसलं ते वहीत नव्हतंच.
ती पानं फाडलेली, शिलाईशी नुसते दाते उरलेले.
बिचाऱ्याने पाहिले ते सगळे विजय.
लग्नाच्या अल्बमवरून संसार शिकावा,
तसं रसायनशास्त्र शिकलं ते आमच्याकडून.

एका जुन्या वहीत एक पान माझं सापडलं.
"तीनदा करून पाहिले, हेच उत्तर."
तीनदा केलं नव्हतं.
एकदाच केलं होतं,
आणि काटोलची शेवटची बस पावणेआठला होती.
ते वाक्यही शिकलं असणार ते. निमूटपणे.

मग उरकुडे आले कूलरमध्ये पाणी टाकायला
आणि भिंतीवरच्या गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीने काही लिहून निघाले.
मी पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिलं.
प्रत्येक चौकोनात: दो. बा., ४५.
दो. बा., ४६. लाइट नाही, ४७.
"हे काय उरकुडे?"
"ईथरची बाटली उडाली होती न मॅडम,
तवापासून रोज पाहून लिहितो.
कोनी सांगतलं नव्हतं."

कपाटामागे नऊ वर्षांची कॅलेंडरं निघाली,
रबर उन्हाने तुटलेलं, गुंडाळी तशीच.

तीन आठवडे आम्ही टाइप करत होतो.
तारीख, वेळ, अंश, बाटलीचा नंबर,
काय फसलं, का फसलं.
श्रावस्तीने एक उत्तर मुद्दाम मान्य केलं: माहीत नाही.
ते सगळ्यात जास्त वेळा आलं.
"नोंद कोणाची" या रकान्यात
तिने लिहिलं, चिंधू उरकुडे.
"माझं नाव कायले?"
"चुकलं तर विचारायला."
ते हसले, मग जरा ताठ बसले.

माझ्या त्या पानापुढे मीच लिहिलं: एकदाच.
लिहिताना कान तापले.

विभागप्रमुख घाटोळे म्हणाले,
कारखान्याच्या अहवालात सत्त्याऐंशी शोभून दिसेल.
शोभून दिसेल, खरंच.
मी एकतीस लिहिलं, आणि खाली त्या दिवसाचे अंश.
ते नंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मॉडेलला पुन्हा विचारलं.
या वेळी त्याने एक आकडा दिला नाही.
चाळीस ते सत्तरच्या मध्ये कुठेतरी, म्हणालं,
आणि अडतीस अंशांच्या वर
माझ्याकडे पुरेशी उदाहरणं नाहीत, करून पाहा.
यंत्राच्या तोंडून मला एवढंच ऐकायचं होतं
असं नाही, पण त्या दिवशी
पहिल्यांदा मी त्याचं म्हणणं खुर्ची ओढून वाचलं.

उरकुडे जुलैअखेर रिटायर झाले.
खिळा तिथेच आहे, कॅलेंडर यंदाचं.
आज ४४.
पाणी मी टाकलं. दो. बा.,
त्यातली थोडी सांडली.
तेही लिहिलंय.