चौकटीबाहेर

तार्तूच्या बँकेत काचेमागचा माणूस
आईला विचारतो : हिला खातं कशासाठी?
रेलिका एकोणीस वर्षांची. शेजारीच बसलीय.
मी बुटांवरचा बर्फ बघत राहते.
गप्प बसायला शिकताना मला अकरा वर्षं लागली.

"पगारासाठी," रेलिका म्हणते.
शब्द घशातून वर येतो
कठडा धरत जिना चढावा तसा.
बेकरीत ती राईचे पाव भरते.
बाराच्या पुढे मोजता येत नाही,
म्हणून बारा खाचांचा ट्रे करून घेतला.
ती चुकत नाही. चुकतो तो मालक.

मग सही.
आईचा हात सवयीनं पेनाकडे जातो,
अर्ध्या वाटेत थबकतो
आणि तिथेच राहतो, चार मिनिटं.
मागे रांग खाकरते.
नावाचं शेवटचं अक्षर चौकट ओलांडून
टेबलावर उतरतं.
काचेमागचा माणूस म्हणतो, चालेल.

बाहेर ती मला सांगते :
सोमवारी बसस्टॉपवर येऊ नकोस.
बरं, म्हणते मी. पगार याचाच तर घेते,
नकोशी होण्याचा.
तरी विचारतेच : आणि मंगळवारी?

आई मागून येते, सावकाश,
बँकेचं पेन अजून तिच्या मुठीत.